‘माझ्याविषयी’ या पानाखालचा रकाना

या, खाली या. अजून खाली. मालकांचा फोटो ओलांडा. तो मोठा आहे, जरा वेळ लागेल. त्याखालचा मजकूरही ओलांडा. आता जिथे पान संपलं असं वाटतंय ना, तिथेच थांबा. तिथे जो चौकोन दिसतोय, तो मी. प्रतिक्रियेचा रकाना. मला तोंड नाही, पण माझ्यात येऊन लोकांनी जेवढी तोंडं उघडली तेवढी दंतवैद्यासमोरही उघडली नसतील.

माझा जन्म व्हायलाच नको होता. हे मी रडून सांगत नाही, नियम सांगतोय. ब्लॉगवर पानं दोन तऱ्हेची असतात. एक लेखांची. आज हा लेख, उद्या तो. प्रत्येक लेखाखाली माझा एकेक भाऊ जन्मतःच बसलेला असतो. दुसरी पानं स्थिर. ‘पत्ता’, ‘कामाच्या वेळा’, ‘माझ्याविषयी’. ती एकदा लिहायची आणि दुकानावरच्या पाटीसारखी टांगून ठेवायची. त्यांच्याखाली आम्हाला बसू देत नाहीत. ज्यांनी ही व्यवस्था केली ती माणसं शहाणी असावीत. माणूस स्वतःविषयी जे लिहितो, त्याच्या खालीच चारचौघांना बोलायला जागा देऊ नये, एवढं त्यांना कळत होतं. आमच्या मालकांना कळत नव्हतं. म्हणून मी जन्मलो.

मालकांचं दुकान सोफे-खुर्च्या दुरुस्तीचं. काचेचं दार, दाराशी टेबल, टेबलावर संगणक, संगणकासमोर मालक. मागे काथ्याचे गठ्ठे, फोमचे तुकडे, पोट फाडून उताणा पाडलेला एखादा सोफा. आणि पार मागे, खिडकीखाली, शिलाई मशीन. मशीनवर अक्का, मालकांची थोरली बहीण. गिऱ्हाइकं मालकांना ‘साहेब’ म्हणतात, कारण मालकांनीच तशी सवय लावली. अक्का ‘बाळ्या’ म्हणतात, कारण त्यांना कुणी सवय लावू शकलेलं नाही.

ब्लॉग करून दिला मालकांच्या लेकीने. ती परगावी नोकरीला. तिला वाटलं, बाबा दुरुस्तीच्या चार युक्त्या लिहितील. बाबांनी लिहिलं ‘खुर्ची आणि मानवी संस्कृती’. मग ‘बैठकीचं तत्त्वज्ञान’, भाग पहिला. माझे लेखांखालचे भाऊ डोळे लावून बसले. प्रत्येकाला एकेक प्रतिक्रिया मिळाली, ‘छान, बाबा’. दुसऱ्या भागाला तीही नाही.

मग मालकांनी फोन लावला. “लोकांना माझे लेख नाही गं, मी आवडतो. ते सगळे ‘माझ्याविषयी’वर येतात, आणि तिथे त्यांना बोलायला जागाच नाही!”

“बाबा, ते मुद्दाम बंद असतं. ती पाटी आहे. पाटीखाली कुणी बोलतं का?”

“पाटीखाली उभं राहूनच तर लोक बोलतात! आत येऊन कोण बोलतंय?”

लेकीने पान उघडलं, बाजूच्या पर्यायांत गेली, ‘वाचकांच्या प्रतिक्रिया’ शोधलं, ‘परवानगी द्या’वर बोट ठेवलं आणि बदल जतन केला. ना कळा, ना बारसं. झालो.

पहिल्या दिवशी माझ्यासमोर अशी रीघ लागली की विचारू नका. सकाळी आले, दुपारी आले, चहा घेता घेता आले. सगळे एकाच संगणकावरून आले, आणि प्रत्येकाने आधी फोटो बघून केसांवरून हात फिरवला, हा भाग वेगळा.

खरा पहिला माणूस आला तो शेजारचा चष्मेवाला. त्याने विचारलं, ‘साहेब, फोटो कोणत्या साली काढलाय?’

आता इथे तुम्हाला दुकानातली एक रीत सांगायला हवी. गिऱ्हाईक दुरुस्तीला आलं की बोट दाखवतं: इथे उसवलंय, इथे दबलंय. तिथे कापडावर खडूने खूण करतात. काम झालं की ब्रशने खूण झटकून टाकायची. माल घरी जाताना त्यावर खडूचा कणही दिसता कामा नये. मालकांचा जन्म त्या ब्रशात गेला. त्यांना वाटलं, प्रतिक्रिया म्हणजे खडूची खूण. त्यांनी वर जाऊन फोटोखाली ‘तरुणपणी’ असा शब्द घातला आणि खाली येऊन चष्मेवाल्याचा प्रश्न पुसून टाकला. काम चोख.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाला पुन्हा आला. ‘माझा प्रश्न कुठे गेला? माझे डोळे शाबूत आहेत, धंदाच डोळ्यांचा आहे.’ हे मालकांनी ठेवलं, कारण यात दुरुस्त करण्यासारखं काही दिसेना. मग कुणीतरी लिहिलं, ‘पत्ता चुकीचा आहे.’ पत्ता सुधारला, प्रतिक्रिया पुसली. त्यावर तोच माणूस, ‘आता सापडलं, पण तुम्ही माझे आभार मानायला हवे होते.’ हेही राहिलं. आठवड्याभरात माझ्यात अशी उत्तरं गोळा झाली ज्यांचे प्रश्नच नाहीसे झाले होते. नवा वाचक यायचा, वर निर्मळ पान बघायचा, खाली हवेशी भांडणारी माणसं बघायचा आणि दबकत निघून जायचा. मालक म्हणायचे, “बघा, चर्चा रंगलीय.”

आणि मग एके दिवशी दंतवैद्यीणबाई आपल्या दवाखान्यातला बाक घेऊन आल्या. बाकाची शिवण बघायला मागे गेल्या आणि अक्कांना सहज म्हणाल्या, “साहेबांचं पान वाचलं हो. सोळाव्या वर्षी, एकट्याने, एका सुईदोऱ्याच्या जोरावर एवढं उभं केलं म्हणे!”

अक्कांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी त्या एकेक करून काढल्या, उशीला टोचल्या आणि म्हणाल्या, “दाखवा बघू.”

त्या दिवशी अक्कांनी पहिल्यांदा मला पाहिलं. एका बोटाने, एकेक अक्षर टोचत, त्यांनी माझ्यात लिहिलं: ‘बाळ्या, सुईत दोरा कोण ओवायचं?’

मंडळी, मालकांना आजही सुईत दोरा ओवता येत नाही. हे मी सांगितलं असं सांगू नका.

मालकांनी वाचलं. मान खाली घालून वर गेले, ‘सुईदोऱ्याच्या’ काढून ‘हातोडीच्या’ केलं, खाली आले आणि अक्कांना पुसून टाकलं.

अक्कांनी दुसऱ्यांदा लिहिलं: ‘हातोडी वडिलांची. शिलाई माझी. एकट्याने हा शब्द काढ.’

मालकांनी शब्द काढला नाही. त्याला उसवून पाहिलं. ‘जवळजवळ एकट्याने’ असं केलं आणि अक्कांना पुसलं.

तिसऱ्यांदा: ‘जवळजवळ म्हणजे मी का?’

आता पान म्हणायला लागलं, ‘कुटुंबीयांच्या सदिच्छांसह’. आणि खाली पुन्हा लख्ख.

गंमत अशी, की हे सगळं चालू असताना दोघं एकाच खोलीत होती. मध्ये फक्त तो उताणा सोफा. तोंडाने एक अक्षर या विषयाचं नाही. मालक संगणकावरून विचारायचे, “अक्का, त्या मोठ्या सोफ्याचं कव्हर झालं का गं?”

“झालं,” अक्का मशीन न थांबवता म्हणायच्या. “कुटुंबीयांच्या सदिच्छांनी झालं.”

मालक कान खाजवायचे.

चौथ्या वेळी अक्कांनी जे लिहिलं, ते वाचून माझ्या चारही कडा ताठ झाल्या. ‘पलीकडच्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या कारखान्यातून मला कधीचं बोलावणं आहे. मी जात नव्हते. महिनाअखेरपर्यंत शिलाई कुणाची ते पानावर लिही. नाहीतर मशीन माझी आहे, ती घेऊन मी चालले. सदिच्छा ठेवून जाईन.’

मालक पांढरे पडले. अक्का गेल्या तर दुकानात उरणार होतं काय? फोटो, हातोडी आणि बैठकीचं तत्त्वज्ञान. बहीण जाणार हे मात्र त्यांच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. शिरलं तेव्हा त्यांनी एकदा मागे वळून खिडकीकडे पाहिलं. आणि मग वर जाऊन, खरोखर, मनापासून लिहिलं: ‘या दुकानातलं सगळं शिलाईकाम पहिल्या दिवसापासून माझी थोरली बहीण अक्का करते. पहिली गिऱ्हाइकं तिच्या टाक्यासाठी आली.’ ‘एकट्याने’ गेलं, ‘जवळजवळ’ गेलं, सदिच्छाही गेल्या. मी खालून टाळ्या वाजवणार होतो.

तेवढ्यात ते खाली आले आणि अक्कांना पुसून टाकलं. हात! सवयीचा हात!

अक्का दुपारी उठून टेबलाशी आल्या. पान वाचलं, शेवटपर्यंत खाली आल्या.

“बाळ्या, माझं लिहिलेलं कुठे गेलं?”

“वर केलंय की दुरुस्त, अक्का! वाच ना.”

“वाचलं. छान आहे. खालचं कुठे गेलं?”

“ती खूण होती. काम झालं, झटकली. तूच शिकवलंस ना मला?”

“सोफा उसवतो तो आपोआप, बाळ्या. हे तू उसवलं होतंस.” अक्कांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. “आता येईल तो म्हणेल, बघा भाऊ किती दिलदार, आपणहून बहिणीचं कौतुक लिहिलंय. म्हणजे हेसुद्धा तुझंच झालं की!”

“मग आता काय करू मी?”

“तुझं तू बघ. मला मशीनला तेल घालायचंय. हलवायच्या आधी घालावं लागतं.”

आणि मागे जाऊन त्या खरोखर तेलाची बाटली शोधायला लागल्या.

मालक वर गेले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा ते सरळ माझ्यापाशी आले. माझ्यात टाइप करून खोडलेलं कुणाला दिसत नाही, पण मला दिसतं, आणि मी पोटात काही ठेवणाऱ्यांतला नाही. आधी लिहिलं, ‘सुज्ञ वाचकहो’. खोडलं. मग ‘काही तांत्रिक अडचणींमुळे’. खोडलं. मग ‘अक्का, तुझा गैरसमज’. हे खोडायला जरा उशीरच लावला. मागून तेलाच्या बाटलीचं झाकण फिरल्याचा आवाज आला. मग मात्र बोटं धावली:

‘या पानावर आधी मी एकट्याने असं लिहिलं होतं. ते खोटं होतं. अक्काने चारदा सांगितलं आणि मी चारदा पुसलं. पाचव्यांदा पुसणार नाही. – बाळ्या’

साहेब नाही, संस्थापक नाही. बाळ्या. सगळ्या जगासमोर, चष्मेवाल्यासकट.

अक्कांनी ते आपल्या फोनवर वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. घाई केली नाही. अर्धं आयुष्य वाट पाहिलेली बाई उत्तराला थोडा वेळ लावणारच. मग बोट टोचत आलं: ‘बरं. मशीन इथेच राहील. पण खिडकीखाली नाही, दाराशी. टेबल मागे घे.’

टेबल मागे गेलं. आता काचेच्या दारातून आधी अक्का दिसतात.

त्याच संध्याकाळी अक्कांनी भाचीला फोन केला. “अगं, ते प्रतिक्रियांचं दार आता लाव बाई. याला उद्या काहीतरी सुचेल.”

“लावते, आत्या. पण बंद करायच्या दोन तऱ्हा आहेत. एकात जुनं दिसत राहतं, दुसऱ्यात तेही झाकलं जातं.”

“दिसू दे,” अक्का म्हणाल्या. “दिसण्यासाठीच तर सगळं केलं.”

लेकीने त्याप्रमाणे केलं. मग बाबांना फोन करून बजावलं, “बाबा, आता कुलूप लागलंय. तिथलं अक्षरही आता कुणाला हलवता येणार नाही. तुम्हालाही नाही.”

तेव्हापासून मी असा आहे. मिटलेला. नवं कुणी लिहू शकत नाही. तुम्ही इतकं खाली आलात, तुम्हालाही काहीतरी बोलायचं असेल. माफ करा, जागा नाही. रोज सकाळी मालक येतात, ‘एकट्याने’ आणि ‘खोटं’ हे दोन शब्द वाचतात, ओठ आवळतात, बाणाचं टोक त्या ओळीवर नेतात आणि उसासा टाकून परत जातात. कुलूप आहे ना!

मंडळी, कुलूपबिलूप काही नाही. नवं लिहिणं तेवढं बंद झालंय. जुनं पुसायची सोय आहे तशीच आहे, त्या ओळीच्या शेजारीच, कचऱ्याच्या टोपलीचं चित्र असलेली. लेक बापाला चक्क थाप मारून मोकळी झाली. एकच विनंती आहे: हे मालकांना सांगू नका. तशी मला फारशी काळजी नाही म्हणा. तुम्ही सांगणार कुठे?