इंदापूरचा गोल

कन्हेरीचा सर्जेराव स्वतः कधी फुटबॉल खेळला नव्हता, पण बारामतीच्या नवजवान क्लबाचा एकही सामना त्याने चुकवला नव्हता. वांग्याच्या पाट्या बारामतीच्या मंडईत खपल्या की तो जयवंता शिंप्याच्या दुकानात येऊन बसायचा. क्लबाचे सदरे जयवंताच शिवायचा, त्यामुळे क्लबाच्या सगळ्या गप्पा त्याच्या मशीनभोवतीच व्हायच्या. सर्जेरावाचा स्वभाव भारी संशयी. तराजू आधी मागून बघायचा, मग पुढून. बायको म्हणायची, ह्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला तरी आधी मुंगीला चाखायला देतील.

सत्तावन्न सालच्या जानेवारीत क्लबाला दहा वर्षं पुरी होत होती. पलटणीतून हवालदार होऊन परत आलेल्या आबासाहेबांनी क्लब काढला होता, आणि आता तालमीशेजारची एक खोलीही मिळाली होती. आबासाहेबांनी सांगून टाकलं, खोलीत एकच मोठा फोटो लागेल, क्लबाच्या आजवरच्या सगळ्यात मोठ्या खेळाडूचा. तो कोण, हे रविवारच्या सभेत हात वर करून ठरवायचं.

नावं दोनच होती. एक भिमा, मोहनराव बागाईतदारांचा मुलगा. पुढं खेळायचा, वाऱ्यासारखा पळायचा. दुसरा सावळाराम, पाटाच्या पाण्यावरचा पाटकरी. तो मधे खेळायचा. फारसा पळायचा नाही, पण चेंडू जिथं पडणार तिथं आधीच उभा असायचा.

"भिमाच," जयवंता मशीन थांबवून म्हणाला. "ढाल कुनी आनली? इंदापूरचा गोल कुनी मारला?"

"त्या गोलाचंच तर म्हनतोय मी," सर्जेराव म्हणाला.

तो गोल पाच वर्षांपूर्वीचा, पहिल्या निवडणुकीच्या थंडीतला. इंदापूरच्या मैदानावर इंदापूरच्याच संघाशी ढालीचा अखेरचा सामना. संपायला थोडाच वेळ उरला असताना भिमाने लांबून चेंडू हाणला आणि तो त्यांच्या रावजी गोलकीपरच्या अगदी हातभर अंतरावरून आत गेला. रावजी हलला नव्हता. हात खाली सोडून देवळातल्या दगडी द्वारपालासारखा उभा राहिला होता. त्याच रावजीने पहिल्या अर्ध्या खेळात भिमाचे चार फटके उड्या मारमारून अडवले होते.

"मानूस उडी मारायचा इसरतो का?" सर्जेराव म्हणाला. "आन तीन म्हैन्यांत रावजीच्या दारात नवी खिलारी बैलजोडी. सामन्याच्या आदल्या दिशी मोहनराव इंदापूरच्या बाजारात होते. ह्ये मी न्हाय म्हनत. बघनारी मानसं हायेत."

"मोहनराव दर बाजाराला जात्यात."

"जाऊंद्यात की. मी कुठं काय म्हनलं?"

सर्जेराव हे पाच वर्षं म्हणत होता. जयवंताने कात्री खाली ठेवली. "तुमी रावजीला इचारलंय का कदी?"

"त्यो खरं सांगंल व्हय?"

"मंग उद्या दोघं जाऊ इंदापूरला. त्याच्या तोंडाकडं बघून ठरवू. बैल घेतलं आसतील तर मी भिमाचं नाव सोडतो."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने दोघे निघाले. वाटभर सर्जेराव रावजीला कसं कोंडीत धरायचं ते जुळवत होता. इंदापूरला उतरून रावजीची वस्ती विचारली तर पानपट्टीवाला हसला. "बैलवाला रावजी का?" सर्जेरावाने जयवंताकडे बघितलं.

गावाबाहेर कोसभर गेल्यावर शाळवाच्या रानात एक पत्र्याचं घर लागलं. रावजी विहिरीवर मोट सोडत होता. आडव्या हाडाचा, पस्तिशीतला माणूस. पाहुणे बारामतीचे आहेत म्हटल्यावर त्याचा चेहरा मिटला.

"क्लबाचं हाय का?"

"क्लबाचं म्हंजी, बघनारं," जयवंता म्हणाला.

रावजीने तरीही आगटी पेटवली, हुरडा भाजला. त्याची बायको कौसल्या लसणाची चटणी आणि ताक घेऊन आली. हुरडा गोड होता, पण सर्जेरावाचं लक्ष गोठ्याकडे होतं. पांढरीशुभ्र जोडी रवंथ करत बसली होती.

"बैल झ्याक हायेत. कवा घेतलं?"

"लग्नाच्या साली."

"लगीन कवा झालं?"

"बावन्नच्या वैशाखात." रावजीने कणीस आगटीत फिरवलं. "अजून काय इचारायचंय?"

एवढा सरळ प्रश्न आल्यावर सर्जेराव गडबडला. मग पिकाचं बोलणं निघालं, पाण्याचं निघालं. रावजी तोंडापुरतं बोलत होता. चारानंतर मात्र तो सारखा मावळतीकडे बघू लागला.

"साडेपाचची गाडी धरा तुमी. बरी पडंल."

"सातची पन हाय की," सर्जेराव म्हणाला.

थोड्या वेळाने रावजी पुन्हा म्हणाला, "पाहुणं, निघा आता. सातच्या गाडीला गर्दी आसती."

रावजी कडबा टाकायला गेला तेव्हा सर्जेराव जयवंताच्या कानाशी लागला. "बघितलंस? घालवतोय आपल्याला. अंधार पडायच्या आत आपून हितनं जायला पायजे. का? रातच्याला कोन येतंय ह्याच्याकडं?"

जयवंतालाही ते खटकलं होतं. शिवाय आणखी एक गोष्ट होती. घराच्या दारापासून गोठ्यापर्यंत आणि तिथून विहिरीपर्यंत कमरेएवढ्या उंचीवर एक दोर बांधला होता. त्यावर कपडा वाळत नव्हता, वेल चढवलेला नव्हता. सर्जेरावाने दोर ओढून बघितला. घट्ट होता, आणि मधोमध हातांनी गुळगुळीत झालेला.

साडेपाचची गाडी गेली. सूर्य शाळवाच्या कणसांखाली उतरला. रावजीने कामं भराभर उरकली आणि येऊन बाजेवर बसला. बसला तो हललाच नाही. अजून चांगलं दिसत होतं. जयवंताला पलीकडच्या बांधावरची शेळी दिसत होती. कौसल्या दिवा लावायला आत गेली होती.

सर्जेरावाने कमरेची चंची सोडली. "घ्या, तंबाखू."

रावजीने हात पुढे केला. चंचीपासून वीतभर लांब.

सर्जेराव थबकला. मग त्याने चंची हळूच डावीकडे नेली. हात तिथंच राहिला. त्याने ती उजवीकडे नेली. रावजीचा पंजा मोकळ्या हवेत उघडा होता, आणि नजर सर्जेरावाच्या खांद्यावरून कुठंतरी पलीकडे लागली होती.

"दादा," दारातून आवाज आला. कौसल्या दिवा घेऊन उभी होती. "कशापायी खेळ करताय त्येंच्या संगं?"

सर्जेरावाने चंची रावजीच्या हातात ठेवली. त्याला स्वतःचा हात कुठं लपवावा ते कळेना.

रावजीनेच तोंड उघडलं. "बस गं तू बी. समजलंय त्येस्नी." त्याने तंबाखू मळली नाही, चंची नुसती हातात धरून ठेवली. "रातांधळा हाय मी. दिस मावळला की संपलं. धा-बारा वर्साचा हुतो तवापासनं. सामनं चारला सुरू व्हायाचं आन उजेडात संपायाचं, म्हनून निभलं. त्या दिशी ढाल द्याया कुनी मोठं साहेब येनार हुतं. त्यांची मोटार येईस्तोवर समदे थांबलं. सुरू व्हायला पाच वाजून गेलं."

"मंग पंचाला सांगायचं हुतं," जयवंता म्हणाला.

"काय सांगू? पुढच्या म्हैन्यात सोयरीक ठरायची हुती. पोरगा आंधळा हाय म्हनल्यावर कोन पोरगी देतंय?" त्याने चंची दुसऱ्या हातात घेतली. "मला चेंडूचा आवाज आला. पाय लागल्याचा आला, मागं लोक वरडल्याचा आला. मधलं काय मला ठावं न्हाय."

"आन बैल?" सर्जेरावाच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"बैल माझ्या बानं दिल्यात, लग्नात," कौसल्या म्हणाली. "सामन्यानंतर समद्या इंदापुरात झालं, रावजीनं कायतरी खाऊन गोल सोडला. आमच्या घरी बी कळलं. माझा बा म्हनला, पोरगं येव्हारी दिसतंय. खूश हुता त्यो. खाल्लेला जावई चालला त्येला. मला तिसऱ्या दिशी कळलं खरं काय ते. संध्याकाळी त्ये परसात भिंत चाचपत हुतं." तिने दिव्याची वात सारखी केली. "मी बी कुनाला सांगितलं न्हाय. ह्येंच्या धाकट्या भावाचं व्हायचंय अजून. घरान्यात रातांधळं हाय म्हनलं की झालं. त्यापरीस बैल खाल्लेलं बरं."

आगटी विझत आली होती. सर्जेराव उठायला लागला, तेवढ्यात रावजी म्हणाला, "तुमच्यातल्या एकाला मातूर ठावं हाय."

"कुनाला?"

"सावळारामला. गोल झाला, पंचानं शिट्टी मारली, आन आमच्याच लोकांनी दगडं मारायला सुरवात केली. मला कुठं पळायचं त्ये दिसंना. कुनीतरी माझा हात धरला आन चालायला लागला. बोलला न्हाय. सडकंवर आल्यावर म्हनला, कदीपासनं? मी म्हनलं, ल्हानपनापासनं. तवा म्हनला, मी सावळाराम. घरी सोडतो चल. तुमची मंडळी ढाल घिऊन मिरवीत हुती, आन त्यो मला घिऊन कोसभर चालत आला. त्या गोलाच्या आदी त्यानं दोनदा चेंडू भाइर मारला हुता, मुद्दाम. मला पायाच्या आवाजावरनं कळतं. त्येला आदीच कळलं हुतं, आन त्यो गोलाकडं मारत नव्हता."

सातच्या एसटीत गर्दी नव्हती. दोघे पाठीमागच्या बाकावर बसले. लासुर्णे मागं पडलं.

"सर्जेराव," जयवंता शेवटी म्हणाला, "तुमी जिकलात. येवढं सभेत सांगितलं तर भिमाला एक हात मिळायचा न्हाय."

"सांगायचं कसं?"

"जसं हाय तसं."

"पाच वर्सं सावळारामनं तोंड मिटून ठेवलं. भिमाचं कवतिक ऐकत बसला. आन मी त्ये मंडईत नेऊन वताया लागू?" सर्जेराव खिडकीबाहेर बघत म्हणाला. "तू बी बोलायचं न्हाय, जयवंता. बायकूला सुद्धा न्हाय."

रविवारी खोलीत पन्नासेक माणसं जमली. दोघे इंदापूरला जाऊन आल्याचं सगळ्यांना कळलं होतं. आबासाहेबांनी सर्जेरावालाच आधी उभं केलं.

"बोला. गोलात काय काळंबेरं हाय का?"

"न्हाय," सर्जेराव म्हणाला. "बैल सासऱ्यानं दिल्यात. मोहनरावांचा कायबी संबंद न्हाय. माझं चुकलं. भिमानं गोल मारला, त्यो खरा हाय."

खोलीत कुजबुज झाली. मागून कुणीतरी विचारलं, "मंग रावजी हलला का न्हाय?"

"त्ये इचारायचं ऱ्हाऊन गेलं."

पाच वर्षं ज्याने तोच एक प्रश्न विचारला, तो म्हणतो विचारायचं राहून गेलं. लोक एकमेकांकडे बघू लागले. मग हात वर करायची वेळ आली. सर्जेरावाचा हात सावळारामसाठी वर गेला, आणि त्याच्या शेजारी जयवंताचाही. आता भिमाच्या बाजूची मंडळीही चमकली.

"जयवंता, तू तर भिमाचा."

"आता न्हाय."

"कारन?"

"मला सावळाराम मोठा वाटतो."

"गोल खरा म्हनता, आन हात दुसरीकडं वर करता. इंदापुरात काय खाऊन आलात दोघं?"

"हुरडा," जयवंता म्हणाला. कुणी हसलं नाही.

एकतीस हात भिमाला मिळाले, सतरा सावळारामला. भिमाचा फोटो लागला. त्यात वावगं काहीच नव्हतं. भिमा चांगलाच खेळायचा, आणि त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. सावळाराम सभेला आलाच नव्हता. त्याची पाण्याची पाळी होती.

पण सर्जेरावाचं काही संपलं नाही. आठ दिवसांनी त्याच्या बैलाचा खूर दुखावला, आणि मोहनरावांची गाडी बारामतीला निघाली होती, तर त्यांनी वांग्याच्या पाट्या वर चढवून घेतल्या. एवढं पुरलं. मंडईत सुरू झालं, मोहनरावांनी सर्जेरावाचं तोंड बंद केलं. कन्हेरीत दुसरंच चाललं होतं, की सावळाराम त्याच्या रानाला पाळी नसताना पाणी सोडतो, म्हणून हात वर केला. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी मेळ बसत नव्हता, पण सांगणाऱ्यांना त्याची अडचण वाटत नव्हती. लोक त्याच्या मळ्याच्या बांधावरून जाताना सरीत पाणी आहे का, ते वाकून बघायचे. आयुष्यभर सर्जेरावाने दुसऱ्यांकडे असंच वाकून बघितलं होतं. बायकोने विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बघूंद्यात."

एक दिवस तो संतापला मात्र. मंडईतल्या एका ओळखीच्याने हसत हसत मोहनरावांचं नाव घेतलं, आणि सगळं ओठांवर आलं. रावजी, दिवेलागणीची वेळ, हवेत उघडा राहिलेला तो पंजा. त्याने दोन वांगी उचलून पाटीत पुन्हा रचली आणि गिऱ्हाइकाकडे वळला. पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस सावळाराम मंडईत आला. खाकी अर्धी चड्डी, खांद्यावर फावडं. सर्जेरावाच्या पाटीपुढे बसून तो वांगी चाचपू लागला. आजूबाजूचे दोघेतिघे लगेच कान देऊन उभे राहिले. सावळारामने त्यांच्याकडे बघितलं आणि ते पांगेपर्यंत तो वांगीच निवडत राहिला.

"इंदापूरला गेलता म्हनं," मग तो हळू म्हणाला.

"गेलतो."

"रावजी कसा हाय?"

"बरा हाय. बायकू चांगली हाय त्याची."

सावळारामने मान हलवली. त्याने सर्जेरावाच्या तोंडाकडे नीट बघितलं, जसं मैदानावर समोरच्याच्या पायाकडे बघायचा तसं. सर्जेरावाने नजर वळवली नाही.

"तुमी सभेत बोलला न्हाईत."

"न्हाय." सर्जेरावाने तराजू खाली ठेवला. "पन सावळाराम, पाच वर्सं तू तरी कसं गप ऱ्हायलास?"

सावळारामला तो प्रश्न समजला नसावा. "मला कुनी इचारलंच न्हाय," तो म्हणाला. "समदे भिमाच्या गोलाचंच इचारायचे. त्ये मी सांगायचो."

त्याने वांगी उपरण्यात बांधली, फावडं खांद्यावर घेतलं. अकराला पाटाच्या खालच्या चारीचं दार उघडायचं होतं, आणि तिथवर चालत जायला अर्धा तास लागायचा.