गिरणीतली मोटर

आमच्या घराला दुष्काळ पावतो, असं म्हटलं तर लोक तोंडात मारतील, पण खरं आहे. पाऊस दडी मारतो, बोअर आटतात, पंप कोरडे फिरून जळतात आणि सगळा तालुका जळक्या मोटारी घेऊन पाटोद्याला आमच्या वायंडिंगच्या दुकानात येतो. नवरा मोटर खोलतो, मी तांब्याच्या तारेची गुंडाळी भरते. लग्न होऊन आल्यावर पहिलं हेच शिकले, पुरण नंतर.

त्या साली तर बोलायलाच नको. बैल चारा छावणीत, हंडे टँकरच्या रांगेत. आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात आमच्या ह्यांनी पुण्याच्या भंगारवाल्याकडून एक गाडी ओढून आणली. रेसची. दोनच सीटा, लालभडक, आणि इतकी बुटकी की शेळीनं सहज उडी मारून टपावर बसावं. इंजिन जाम. दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय!

"ह्या नटवीच्या पोटात पेट्रोल कोण वतनार?" मी विचारलं.

"पेट्रोल लागतंच कशाला? इजंवर करतो," हे म्हणाले. लहानपणापासून असल्या गाडीचं चित्र ह्यांनी दुकानाच्या भिंतीला चिकटवलेलं. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते हौस दुसऱ्याच्या घरी असली तरच.

तरी हाताला काम मिळालं की माझी जीभ आपोआप थांबते. इंजिन काढून टाकलं, गिअरबॉक्स तसाच ठेवला. अंबाजोगाईहून विजेवरच्या रिक्षांच्या जुन्या बॅटऱ्या आणल्या, त्यातल्या जीव असलेल्या निवडल्या. जाड वायर आमच्याच भंगारातून निघाली. घोडं अडलं ते मोटरपाशी. आमच्याकडे सगळ्या पाण्याच्या मोटारी. गाडी ओढायची तर बॅटरीवर चालणारी दांडगी मोटर लागते, आणि नव्या मोटरचा भाव ऐकून हे दोन दिवस जेवले नाहीत.

मग सहकारी सूतगिरणीचं भंगार निघालं. ती गिरणी म्हणजे आमच्या घराची दुखरी नस. माळावर गिरणी उभी राहिली तेव्हा सासऱ्यांनी तिला जमीन दिली होती. जमीन देणाऱ्याच्या घरातल्या एकाला नोकरी, असं ठरलेलं. मुलगे दोन, नोकरी एक. सासऱ्यांनी थोरल्याला, म्हाळूला, लावलं. धाकटे म्हणजे आमचे हे. ह्यांनी जो राग धरला, तो गिरणीच्या फाटकात कधी पाऊल टाकलं नाही. म्हाळू तिथं फोर्कलिफ्ट चालवायचा, कापसाच्या गाठी उचलणारी बॅटरीवरची गाडी. एका दिवशी गाठींची थप्पी कोसळली आणि तो गाडीसकट तिच्याखाली गेला. मी त्याला फोटोतच पाहिलेला. पुढं गिरणी बंद पडली, सासरेही गेले.

सासूबाई, सारजाबाई, म्हाळू गेला तेव्हापासून रोज संध्याकाळी गिरणीची पाळी सुटायच्या वेळेला उंबऱ्यावर बसायच्या. कुणाशी बोलणं नाही, रात्रीची भाकर नाही. अंधार पडला की उठून आत जायच्या. हे समोरून घरात आले तरी त्यांची नजर रस्त्यावरच असायची.

आता हे त्या भंगारातली फोर्कलिफ्टची मोटर घेऊन आले, तीही फाटकाबाहेर उभं राहूनच.

"गिरणीत फोर्कलिफ्टी किती व्हत्या?" मी विचारलं.

"एकच."

"मंग ही त्याचीच."

"मोटर म्हंजी तांबं अन् लोखंड. तिला काय नाव असतंय?" असं म्हणून ह्यांनी झाकण खोललं. आत काळी पूड, आणि पुडीत अडकलेले कापसाचे धागे. मी ब्रशनं साफ केले. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पुन्हा होतेच. कुठल्या तरी फटीत राहिले असतील, असं मी स्वतःला समजावलं.

पहिल्यांदा गाडी घराकडे आली ती संध्याकाळी. इंजिनाची धडधड नाही, नुसता बारीक, चढत जाणारा सूर. उंबऱ्यावरच्या सासूबाई ताडकन उभ्या राहिल्या.

"अंजना, तवा ठेव गं. म्हाळू आला."

त्या हसत होत्या. मी त्यांना हसताना कधी पाहिलंच नव्हतं. हे गाडीतून उतरले, आईचं तोंड पाहिलं आणि जे बोलायला तोंड उघडलं होतं ते गिळलं. "आलो, माय," म्हणाले. त्या रात्री सासूबाई दीड भाकर जेवल्या.

"ऱ्हाऊ दे," मला आत येऊन म्हणाले. "जेवली न्हवं ती."

मीही राहू दिलं. म्हातारी जेवते, बोलते, ह्यापरतं काय हवं होतं? पण मग रोजच ते सुरू झालं. रोज तो सूर, रोज "आलो, माय." आणि एके दिवशी गाडी दारात उलटी आली. पार कोपऱ्यापासून रिव्हर्समध्ये, मान वळवून मागं पाहत.

"उलटी कावून आणली?"

"समोर माल आसला की म्होरचं दिसत न्हाई."

"कसला माल?"

ह्यांनी गाडीच्या रिकाम्या नाकाडाकडे पाहिलं आणि गोंधळून माझ्याकडे. आतून सासूबाई म्हणाल्या, "डबा घेऊन जायचे तवा पाह्यचे की मी. म्हाळू आसाच चालवायचा." हे तर त्या फाटकाच्या आत कधी गेलेच नव्हते.

त्यानंतर मी ह्यांना पारखत राहिले. भुवईला कापसाचा पुंजका लागलेला असायचा. त्या साली पंचक्रोशीत कापसाचं बोंड नव्हतं. दुकानात हाक मारली तर ऐकू यायचं नाही, आणि सासूबाईंनी "म्हाळू" म्हटलं की पहिल्या हाकेला ओ. भुताखेतांना मी भीत नाही. मला भीती माझा नवरा जाण्याची होती, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच घरात, रोज थोडा थोडा.

एकदा मी बॅटरीची वायर काढून हातात धरली आणि आडवी उभी राहिले. "तुमी म्हाळू न्हाईत. सांगा तिला."

हे जवळ आले. "तिला दोन पोरं व्हती, अंजना. वाट एकाचीच पाह्यली. आता कुनीतरी माझी वाट बघतंय."

"तुमची न्हाई. त्याची."

"गाडीत तर मीच आसतो न्हवं," म्हणाले आणि माझ्या हातातली वायर हळूच सोडवून घेतली. इतक्या हळू, की मला रडू आलं.

पोळा आला तरी पाऊस नाही, बैल छावणीतच. आदल्या संध्याकाळी सासूबाई वाटीत लोणी-हळद घेऊन बाहेर आल्या. खांदेमळणीला बैलांचे खांदे चोळतात, तसं त्यांनी गाडीचं पुढच्या चाकांवरचं पत्र्याचं अंग चोळलं. मी पाहत होते, म्हातारीचं मन रमतंय म्हणून हसलेही. मग त्या वाकल्या आणि बैलांना देतात तसं आवतण दिलं.

"आज आवतन घे, म्हाळू, उद्या जेवाया ये."

माझं हसू तिथंच मेलं. "आत्या, आसं गेलेल्याचं नाव घेऊन न्हाई म्हनत!" मी वाटी ओढली, पण शब्द निघून गेला होता. आमच्याकडे दिलेलं आवतण मोडत नाहीत, देणाराही नाही आणि घेणाराही. गाडीत बसलेले हे मान खाली घालून म्हणाले, "येतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो सूर आला. गाडी उलटीच आली. सासूबाईंनी पायांवर पाणी घातलं, ओवाळलं, पाटावर बसवलं, पुरणपोळीवर तूप वाढलं. हे जेवले, जेवताना डाव्या हातानं मिशी नसलेल्या ओठावर मिशी सारत. फोटोतल्या म्हाळूला मिशी आहे.

शेजारी दुसरं ताट वाढलेलं होतं. मला वाटलं माझं असेल, म्हणून बसायला गेले.

"ते रामकिसनचं," सासूबाईंनी ह्यांचं नाव घेतलं. त्यांनी दाराबाहेर पाहिलं. "सनासुदीचं पोरगं कुठं गेलं गं? आजून कावून आलं न्हाई?" मग ताटावर दुसरं ताट झाकलं, उठल्या आणि उंबऱ्यावर जाऊन बसल्या, रस्त्याकडे तोंड करून. जन्मभर ज्याची वाट त्यांनी पाहिली नव्हती, त्याची आता पाहत होत्या.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. आता तरी उठतील, म्हणतील, माय, मी हितंच हाय. एवढ्यासाठीच तर सगळं मांडलं होतं.

"येईल की, माय," हे घास गिळत म्हणाले. "त्याला राग लई."

बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मीही उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं. पण त्या क्षणी मी घरात उभी राहून, छाती फुटेस्तोवर ओरडले, "रामकिसन! ए रामकिसन!"

सासूबाईंनी आशेनं मान उंच करून रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं.

ह्यांनीही पाहिलं.