पेणहून निघालेला मोर

पांढरा ऑइलपेंट. दिवाळीला एक हात, ईदच्या आधी एक हात.

"बगळ्यावर सोड." रोहा स्टेशनाबाहेर, कुठल्याही रिक्षावाल्याला.

डोळे गणपतीचे, सोंड नाही.

माझी एक कादंबरी आहे. तिची पानं कुठल्याही क्रमाने वाचता येतात. अजून ती कुठल्याच क्रमाने कोणी वाचलेली नाही.

निडीच्या अलीकडचा खड्डा.

इथे थांबतो. असे तुकडे फेकून वाचकाला वाऱ्यावर सोडणं हाच माझा धंदा आहे. पण जमिलाने दम दिलाय, "रितेश, या वेळी नीट सांग. माणसांना कळेल असं."

तर नीट सांगतो. आमच्या नाक्यावर सिमेंटचा बगळा आहे, एका पायावर उभा. नाक्याच्या एका अंगाला मोहल्ला, दुसऱ्या अंगाला तांदूळ-वाल विकायला येणाऱ्या गावकऱ्यांचा बाजार. कुंडलिका नदीचं पाणी बगळ्याच्या गुडघ्याला लागलं की दोन्हीकडचे दुकानदार माल माळ्यावर चढवतात. रेडिओवरच्या इशाऱ्याला कोणी विचारत नाही. लग्नाच्या पत्रिकेतही पत्ता 'बगळ्यासमोर' असाच छापतात.

बगळा आणला जमिलाच्या अब्बांनी, ताजुद्दीनभाईंनी. गल्फच्या कमाईतून त्यांनी नाक्याला एक शोभेची वस्तू दिली. ते गेल्या वर्षी वारले. बगळ्यासमोर जमिलाचं किराणाचं दुकान आहे. रोज शटर उघडलं की ती आधी त्याच्यावरची कावळ्यांची घाण पुसते, मग गल्ला उघडते.

आणि आता सुशोभीकरण समितीने ठराव आणला होता. बगळा हटवायचा आणि तिथे फायबरचा मोर बसवायचा, पिसाऱ्यात दिवे असलेला. समितीचे अध्यक्ष हैबतराव म्हणाले, "बगळ्याला काय इतिहास हाय? असंल तर बैठकीत वाचून दाखवा."

नाक्यावर लेखक एकच. दुसरा असता तर त्याला बोलावलं असतं.

मी पेणला गेलो, बगळा घडवणाऱ्या दाजींकडे. कारखान्यात भिंतभर गणपती सुकत होते आणि दाजी एकेकाची आखणी करत होते, म्हणजे डोळे काढत होते. मला वाटलं, आता म्हातारा कलेबद्दल काहीतरी खोल बोलेल. मी तसा चेहराही करून बसलो.

"बगळा?" दाजी म्हणाले. "मी जन्मात बगळा केला नाय. ताजुद्दीनला मोर दिल्ता."

"मग?"

"निडीच्या अलीकडं टेम्पो खड्ड्यात गेला. शेपूट गेली, तुरा गेला, एक पाय गेला. ऱ्हायला तो बगळा."

"आणि डोळे?"

"मला दुसरे येत नाय. मूर्ती नेणार का? यंदाची बुकिंग चालू हाय."

ताजुद्दीनभाईंनी त्या उरलेल्या पक्ष्याला पांढरा रंग दिला आणि कोणाला काही सांगितलं नाही. मूर्ती आणायची म्हणून मोहल्ल्यात थोडी कुरकुर झाली होती. पण एका पायाच्या पांढऱ्या पाखरावर कोण हरकत घेणार?

परतताना मी गाडीत बसून जळत होतो. आकृतिबंध मोडायचा म्हणून मी आयुष्य घालवलं, कोणी ढुंकून पाहिलं नाही. एका टेम्पोवाल्याने एका खड्ड्यात तो मोडला आणि गाव त्याच्या प्रेमात पडलं.

जमिलाला सांगितलं तेव्हा ती साखर तोलत होती. काटा स्थिर झाला तरी तिने पुडी उचलली नाही.

"अब्बा मला बगळाच सांगायचे," ती म्हणाली. मग म्हणाली, "मोर लिवलास तर तुटका म्हणून भंगारात घालतील. बगळा लिवलास तर त्याच्या जागी मोर आणतील. काय लिवशील?"

"दोन्ही लिहीन."

"तू मेल्या एकदा तरी सरळ लिव रे."

मी खरंच प्रयत्न केला. सरळ वाक्य दुसऱ्या ओळीत वळलं, तिसऱ्या ओळीत फुटलं. बैठकीत मी वाचायला उभा राहिलो: "पेणहून निघालेला. रोह्याला पोचलेला. मधे जे सांडलं ते. पाय एक. पुराचं पाणी. पाय तोच."

मागून कोणीतरी म्हणालं, "याला ताप हाय काय?"

हैबतरावांनी हात वर केला. "ओ लेखक, एक काय ते सांगा. बगळा हाय का मोर?"

जमिला माझ्याकडे बघत होती. तिच्या बोटांत पदराचं टोक पिळून दोरीसारखं झालं होतं.

"मोर म्हणून निघाला," मी म्हणालो, "बगळा म्हणून पोचला. आता काय आहे ते... ठरत नाही."

लोक हसले. हसली नाही ती समितीची कारकून, अपेक्षा. ती लिहिता लिहिता थांबली.

"साहेब, ठराव 'बगळा हटवून मोर बसवणे' असा हाय. हा बगळा नसंल तर हटवायचं काय? आणि मोर असंल तर मोर काढून मोर बसवायचा, असं कसं लिवू? वर विचारतील."

हैबतरावांनी खिडकीतून बगळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. दोघांत जास्त त्रासदायक कोण, याचा ते अंदाज घेत असावेत.

"पक्षी ठरेपर्यंत विषय तहकूब," ते म्हणाले.

अपेक्षाने लिहिलं: 'पक्षी अनिश्चित.' माझ्या लिखाणावर आजवर आलेला हा एकमेव अभिप्राय, तोही मूर्तीबद्दल.

बाहेर पडल्यावर जमिलाने मला चहा पाजला. "तुझं कोणाला कळलं नाय," ती म्हणाली, "म्हणून वाचला तो."

"पुढच्या बैठकीला काय करायचं?"

"अजून वाईट लिव."

ती दुकानाकडे गेली. फडकं ओलं करून तिने बगळ्याची मान पुसली, डोळे पुसले. जिथे शेपूट असायला हवी होती त्या खडबडीत जागी हात थोडा वेळ ठेवला. मग एक गिऱ्हाईक आलं, बेसन मागत.

ताजुद्दीनभाई कुवेतहून पहिल्यांदा परत आले तेव्हा जमिला चार वर्षांची होती आणि तिने त्यांना ओळखलं नाही. अब्बा म्हणून निघालेले, पाहुणा म्हणून पोचले.