फिरायला निघालेला वेल्डर

सुरतेजवळच्या भेस्तानच्या त्या गल्लीतून विमानात बसणारा पहिला माणूस म्हणजे हिलालअप्पांचा योगेंद्र, आणि ही गोष्ट अप्पांनी कोणाला विसरू दिली नव्हती. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी फ्लेक्स लावला होता. त्यावर काळा गॉगल घातलेला योगेंद्र, त्याच्या डोक्यावरून जाणारं विमान, 'परदेशगमनाबद्दल हार्दिक शुभेच्छा' आणि खाली शुभेच्छुकांचे एवढे फोटो की निम्म्यांची तोंडं ओळखू येत नव्हती. सगळ्यांत मोठा फोटो अर्थातच अप्पांचा.

फ्लेक्सवर भागलं असतं तर ठीक. पण घरात कार्य आहे आणि वरण-बट्टी नाही, हे खानदेशी माणसाला पटायचं कसं? अख्खी गल्ली जेवली. जेवून उठल्यावर घरोघरचा टॉवेल-टोपीचा आहेर झाला. तेवढ्या टोप्या घालून संपवायच्या म्हटल्या तर योगेंद्र दुबईतच म्हातारा झाला असता.

"पन व्हिसा दखा का कोनी?" अप्पांच्या बायकोने, धुरपदाबाईंनी, भाजी ढवळता ढवळता विचारलं होतं.

"भूपेंद्र देणार आहे, मुंबईला. सगळ्यांना विमानतळावरच देतो तो," अप्पा म्हणाले. भूपेंद्र म्हणजे उधन्याचा एजंट, लांबच्या नात्यातला. नात्यातल्या माणसाला काय कागद मागायचा?

"बाजारात तुरी," एवढंच म्हणून धुरपदाबाई पुन्हा भाजीकडे वळल्या. म्हणीचा उरलेला भाग अप्पांना पाठ होता, म्हणून ते तिथून सटकले.

योगेंद्र हजीऱ्याला एका ठेकेदाराकडे वेल्डर होता. हात चांगला, डोकं शांत. दुबईला जायचं म्हणून ती नोकरी त्याने सोडली आणि हार, गुलाल, फोटो सगळं उरकून गल्लीने त्याला मुंबईच्या गाडीत बसवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पा फ्लेक्सच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. येणाऱ्याजाणाऱ्याला, "आज उडणार बरं का संध्याकाळी," असं सांगत होते. तेवढ्यात फोन वाजला.

"अप्पा, व्हिसा हातमा मियना," योगेंद्र म्हणाला. "पन तो कामना नही शे. फिरवाना शे."

अप्पांना आधी नीट उमगलंच नाही. मग पोराने सगळं सांगितलं. भूपेंद्रचा माणूस विमानतळाबाहेर भेटला होता. त्याने हातात ठेवला तो पर्यटकाचा व्हिसा. म्हणाला, तिकडे उतरलास की कंपनी कामाचा करून देईल, सगळे असेच जातात. बॅग उघडून त्याने वेल्डिंगचे हातमोजे आणि काचेचा मुखवटा काढून घेतला. फिरायला निघालेल्या माणसाकडे या वस्तू कशाला? काउंटरवर कोणी विचारलं, तर "घूमने जा रहा हूँ" एवढंच बोलायचं. वेल्डर आहे असं म्हणायचं नाही.

"आणि तिकडे गेल्यावर कंपनीने कामाचा व्हिसा केलाच नाही तर?"

"तर मुदत संपली की मी बिनकागदाचा. पगार दिला नाही तरी तक्रार करता येणार नाही. पकडलं तर वेगळंच. पासपोर्ट अजून माझ्याच हातात आहे, अप्पा. तो माणूस घाई करतोय. जाऊ का घर येऊ? तुम्हीच सांगा."

अप्पांनी मान वर केली, तर फ्लेक्सवरचा योगेंद्र गॉगलमधून त्यांच्याकडे बघत होता. गल्ली काय म्हणेल? गुलाल अजून पायरीवर होता. खाल्लेल्या बट्ट्या लोकांना पचल्यासुद्धा नव्हत्या, आणि हा परत? सगळे असेच जातात म्हणतोय ना तो माणूस? मग जाऊ दे की. होईल काहीतरी. 'जा' हा शब्द अप्पांच्या जिभेवर येऊन बसला. त्यांनी फोन या कानाचा त्या कानाला लावला, आणि लावताना त्यांचं अर्धं बोट कानाला घासलं.

अप्पा धुळ्याहून सुरतेला आले त्या अगदी पहिल्या वर्षी ते बोट तुटलं होतं. तेव्हा अप्पा कापडाच्या लूमवर काम करत, पण मस्टरवर त्यांचं नाव नव्हतं. तपासणीला साहेब आला की अशा बिननावाच्या पोरांना चहाच्या टपरीवर पिटाळत, आणि एखादा सापडलाच तर त्याने सांगायचं, "मैं तो मिलने आया हूँ." अप्पांनीही ते हसत हसत कितीदा तरी सांगितलं होतं. मग एक दिवस मशीनने बोट धरलं. दवाखान्याच्या खर्चाची गोष्ट निघाली तेव्हा मॅनेजर शांतपणे म्हणाला, "ए तो महेमान छे. एणे मशीनने हाथ केम लगाड्यो?" पाहुण्याने मशीनला हात लावलाच कशाला? ज्या तोंडाने पाहुणा म्हणून सांगितलं, त्याच तोंडाने कामगार आहे असं कसं म्हणणार? बोटापेक्षा ती गोष्ट जास्त दुखली होती आणि इतक्या वर्षांत त्यांनी ती कोणाजवळ काढली नव्हती. आता त्यांचा मुलगा विमानात बसून तेच सांगायला निघाला होता, आणि त्याच्या हातात लूम नव्हता, आग होती.

"घर ये," अप्पा म्हणाले.

"काय?"

"घर ये, भाऊ. आतेच्या आते. पासपोर्ट कोणाच्या हातात देऊ नको, त्या माणसाशी वाद घालू नको, सरळ चालायला लाग." आवाज एवढा चढला होता की समोरच्या घरातली पोरं बाहेर येऊन बघू लागली. योगेंद्र स्टेशनवर पोचल्याचा फोन येईपर्यंत अप्पांना पाणी गोड लागलं नाही. फोन आला आणि त्यांना एवढं हलकं वाटलं की ते आधी हसले, मग डोळे पुसले, मग परत हसले.

पण माणसाचा स्वभाव जातो कुठे! संध्याकाळपर्यंत अब्रूची काळजी परत आली. पोराला थेट इथे आणायचं नाही. कामरेजला चुलतभावाकडे महिनाभर ठेवायचा आणि गल्लीत सांगायचं की विमान पुढे ढकललं. अप्पा दाराआड उभं राहून चुलतभावाला फोन लावत होते. धुरपदाबाईंनी तो सरळ हातातून काढून घेतला.

"कामरेजले कसाले? पोऱ्यानी काय चोरी करी का?"

आणि पदर खोचून त्या ओट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. गल्लीत कोणाला काही सांगायचं तर त्यांना फ्लेक्स लागत नसे.

"प्रमिलाबाई, ऐका वं! मना योगेंद्र घर यी ऱ्हायना. व्हिसा खोटा निंघना!"

अप्पांनी डोळे मिटून घेतले. आता हसतील. आता टोप्या परत मागतील. शेजारच्या प्रमिलाबाई भांडी तशीच टाकून धावत आल्या.

"बरं व्हयनं वं माय, आठेच समजनं! पोऱ्या धड शे ना? खाल्लं का त्यानं काही?" आणि जीव भांड्यात पडल्यावर त्यांनी खरी शंका विचारली. "पन पुढल्या खेपेले बी वरण-बट्टी शे ना?"

गल्ली हसली, हे खरं. पण ते हसणं अप्पांनी भ्यावं असं नव्हतं. दाराआड उभे असलेले अप्पासुद्धा त्यात फसकन हसले.

सकाळी योगेंद्र रिक्षातून उतरला. धुरपदाबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि त्याला लगेच जेवायला बसवलं. सोमवारी हजीऱ्याला जाऊन ठेकेदाराला भेटतो, म्हणाला. घेतलं तर घेतलं, नाहीतर दुसरं बघू. पाहिजे तेव्हा पुन्हा दुबई, पण कामाचा व्हिसा घरात बसून वाचल्यावर. अप्पा प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. त्यांना फार बरं वाटत होतं. सगळं निभावलं होतं.

मग भाकरी मोडता मोडता योगेंद्र म्हणाला, "खरं सांगू अप्पा? मला कळत होतं जाऊ नये म्हणून. पण एवढं सगळ्यांनी केलं होतं, तुम्ही केलं होतं. तुम्ही 'जा' म्हणाला असतात ना, तर मी गेलो असतो."

अप्पांच्या हातातला घास हातातच राहिला. जिभेवर येऊन बसलेला तो शब्द त्यांना आठवला. पोरगा समोर बसून कांदा फोडत होता. त्याची दहा बोटं अप्पांनी डोळे भरून पाहिली. मग ते उठले, हात धुतले आणि ओट्यावर गेले.

रात्रपाळी करून परतणारा गल्लीतला शालिग्राम सायकल थांबवून उभा होता. "हिलालअप्पा, पोऱ्या परत उना म्हने? विमान चुकनं का?"

"विमान नही चुकनं," अप्पा म्हणाले, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "मीच घर बलायं त्याले."