सुगरणीच्या ओट्यावरचा ऑक्टोपस

अख्खी इमारत तिला सुगरण म्हणायची. रस्सा खारट झाला, भाताला खाली लागलं, की बायका पातेल्याचं झाकण घट्ट धरून जिन्याने तिच्या दारात हजर. ती बोटभर चव घ्यायची, "हं" म्हणायची, आणि घटकाभरात पातेलं ताळ्यावर आणून परत पाठवायची. नवरा घड्याळजी. तो म्हणायचा, "माझ्या दुकानापेक्षा हिच्या ओट्यावर दुरुस्तीची गर्दी जास्त." ती वरवर रागवायची, पण हे वाक्य तिला फार आवडायचं.

अशा बाईच्या ओट्यावर सूनबाईने एके दिवशी बर्फाचा डबा आणून ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदाच ती चार दिवस माहेरी राहून आली होती. माहेर बंदराजवळ, आई तिथल्या बर्फाच्या कारखान्यात कामाला.

"मम्मीने मुद्दाम दिलाय," सूनबाई उत्साहाने म्हणाली आणि तिने झाकण उघडलं. आत ऑक्टोपस होता.

सुगरणीने तो टीव्हीवर पाहिला असेल तेवढाच. कुठून धरायचा, कुठून कापायचा, डोकं कुठलं नि पोट कुठलं, काही म्हणता काही कळेना. त्यातच एक पाय बर्फावरून घसरला आणि डब्याच्या काठावर लोंबायला लागला, तशी ती दोन पावलं मागे सरकली.

"मी मम्मीला म्हटलं, तू नको करूस, आमच्या आईंना काहीही येतं," सूनबाई म्हणाली.

तिथेच तर घोडं पेंड खात होतं. 'मला येत नाही' हे शब्द सुगरणीच्या तोंडून आजवर कधी निघाले नव्हते. सवय नसल्यामुळे ते आतच अडकले आणि भलतेच बाहेर पडले.

"शी! केवढा वास मारतोय. असलं आमच्याकडे शिजत नाही, बाई."

वास कसलाच नव्हता. बर्फाचा येतो तेवढा गारवा येत होता, बस. सूनबाईचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "बरं, आई," एवढंच म्हणून ती आत गेली. सुगरणीने चिमट्याने तो गोळा उचलून पिशवीत टाकला, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली, वर गाठ मारली आणि आपल्या कचरापेटीत नको, कोणी बघेल, म्हणून पार पलीकडच्या गल्लीतल्या पेटीत टाकून आली.

"नाचता येईना, अंगण वाकडं," घड्याळजी भिंगातून डोळा न काढता म्हणाला.

"तुम्ही तुमची घड्याळं बघा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वाळलेले कपडे घेऊन ती गॅलरीतून आत येत होती, तर सूनबाई फोनवर बोलत होती. "हो गं मम्मी, सगळ्यांना आवडला. आईंनी केला ना! लोण्यासारखा मऊ. बाबा तर बोटं चाटत होते."

सुगरण कपड्यांच्या ढिगामागे तशीच उभी राहिली. आपण त्या पोरीच्या माहेराला वास मारतो म्हणालो, आणि पोरगी मात्र तिथे आपलं नाव राखते आहे. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की सूनबाई खोलीतून बाहेर पडेपर्यंत ती गॅलरीतच थांबली. पुढे कितीदा तरी तिने बोलायचं मनात आणलं, पण झाकली मूठ उघडवत नव्हती.

ती उघडली विहीणबाईंनी. रविवारी सकाळी त्या दारात उभ्या, हातात पहिल्यापेक्षा मोठा डबा.

"एवढा आवडला म्हटल्यावर रिकाम्या हाताने कशी येऊ, ताई? आज तुमच्या शेजारी बसून शिकणार आहे मी. आमच्याकडे सासूबाई होत्या तोवर त्याच करायच्या. मी केला की चपलेचा तळ. पोरगी म्हणाली, तुम्ही लोण्यासारखा करता. म्हटलं, शिकायला कसली आलीय लाज?"

सुगरणीच्या तोंडचं पाणी पळालं. सूनबाई घाईघाईने म्हणाली, "मम्मी, आज आईंचा हात दुखतोय, आपण पुन्हा कधी तरी..."

"मग त्या सांगतील तसं मी करीन," विहीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी बाह्या वर सारल्या. "आधी काय करायचं, ताई?"

सूनबाई सासूकडे बघत होती. अजूनही वाचवायचीच खटपट चालली होती तिची. ते मात्र सुगरणीला सोसवेना.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी तो केलाच नव्हता. टाकून दिला."

विहीणबाई लेकीकडे वळल्या. "मग तू मला खोटं का सांगितलंस?"

"मग काय सांगू?" सूनबाईचा आवाज फुटला. "वास मारतो म्हणाल्या, हे सांगू?"

विहीणबाईंनी वर सारलेल्या बाह्या हळूच खाली ओढल्या. मग त्या स्टुलावर बसल्या आणि रोज बर्फात राहून फुटलेले आपले दोन्ही हात त्यांनी मांडीखाली घेतले. वास येत असेल म्हणून.

ते बघून सुगरणीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"वास नव्हता हो," ती म्हणाली. "मी घाबरले होते. येत नाही म्हणायला जीभ रेटेना, म्हणून तसं बोलले. तुमच्यात काही खोट नव्हती, माझ्यात होती."

विहीणबाई खाली फरशीकडे बघत राहिल्या. हात होते तिथेच. नुसत्या बोलण्याने ते निघणार नव्हते, हे सुगरणीला कळलं. तिने डबा उघडला. चिमटा नाही, फडकं नाही, दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. तो गार, बुळबुळीत पाय मनगटाला चिकटला, तेव्हा तिचे डोळे आपोआप मिटले, पण तिने सोडला नाही. उलटसुलट करून, जमेल तसा कापला. धुतला, मीठ लावलं, शिजवला. झाकण पुन्हापुन्हा काढून बघितलं, ते काही तिच्या सवयीचं नव्हतं.

ताटं वाढली. घड्याळजी बराच वेळ चावत राहिला आणि पाण्याचा घोट घेऊन कसाबसा गिळला. सूनबाई म्हणाली, "छान झालाय, आई."

"नाही झालेला," सुगरण म्हणाली. दार उघडं होतं, शेजारचीने ऐकलं असतं तरी तिला चाललं असतं. "चिवट झालाय. माझ्या हातून बिघडलाय."

विहीणबाईंनी मान वर केली. मग मांडीखालचा हात बाहेर काढून त्यांनी एक घास चावून पाहिला आणि ताट पुढे केलं.

"वाढा अजून थोडा," त्या म्हणाल्या. "माझ्याही हातचा अस्साच होतो."