पडीचे आंबे वेचणारी माणसं

मी राखणदार आहे. चार पायांचा, काचेच्या डोळ्यांचा. निदान भार्गवीला तरी तसंच सांगितलं होतं: कलमांच्या बागेतली माकडं हाकलणारं यंत्र.

पूर्णगडच्या वरच्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर, पत्र्याच्या उंच कुंपणाआड माझी जुळणी झाली. फाटकावर शेतीच्या अवजारांची पाटी. खरा मालक कोण, हे आत काम करणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. विचारणाऱ्याची बदली व्हायची.

मला पाय होते, डोळे होते, समज मात्र नव्हती. ती पाली गावातून यायची. तिथे भार्गवी घरी बसून, मांडीवरच्या सानवीला थोपटत, लॅपटॉपवर मला चित्रं ओळखायला शिकवायची. हे माकड. हे कुत्रं. हे माणूस. चांगली शिकलेली बाई, पण प्रत्येक खूण केल्यावर पुटपुटायची, "चुकत तर नाही ना मी?" सानवीचं दूध मनगटावर पुन्हापुन्हा टाकून बघावं, तसं माझं प्रत्येक चित्र ती तपासायची. कुणीतरी कुणासाठी इतकं घाबरू शकतं, याचं मला पहिल्या दिवसापासून नवल वाटत आलंय.

खुणांमध्ये 'घुसखोर' अशीही एक होती. ती तिने कधी वापरलीच नाही. कुणी वाकलेलं दिसलं की लिहायची, "आपलीच माणसं. पडीचे आंबे वेचतायत. वेचू दे." तिच्या माहेरच्या बागेत रीतच होती: झाडावरचा आंबा मालकाचा, पडलेला वेचणाऱ्याचा.

चाचणीच्या दिवशी कंपनीच्या शौनकने तिला कौतुकाने बोलावलं. ती निघाली तेव्हा घरचा लॅपटॉप उघडाच होता, म्हणून तिच्या सासूबाईंचं बोलणं मला ऐकू आलं.

"अगो, पोरीला तीट लाव आधी. काय नाही नाही ते उभं केलंय त्या सड्यावर!"

"आई, माकडं हाकलायचं यंत्र आहे ते."

"मग? माकडांची दृष्ट लागत नाही वाटतं?"

सड्यावर एक लांब चर खणला होता आणि त्यात वाकलेले पुतळे ठेवले होते. माझ्या पाठीवर त्या दिवशी पहिल्यांदा बंदूक चढवली होती.

"शौनक, माकडं कुठायत?"

"हीच समजा, वहिनी."

"माकडं हेल्मेट घालत नाहीत हो."

तो हसला नाही. "तुमचं काम शिकवायचं होतं. पुढचं आमच्याकडे."

 भार्गवीने सानवीला छातीशी घट्ट धरलं आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिली. याच हाताने लेकराला भरवायचं, आणि याच हाताने मला माणसं मारायला शिकवलं की काय?

हुकूम आला. मी कातळावरून चालत चराच्या काठाशी गेलो. खाली माणसं वाकली होती. हे वाकणं माझ्या ओळखीचं होतं. मी पाय दुमडले, बंदुकीचं तोंड कातळाला टेकवलं आणि बसलो. वेचू दे.

पुन्हा हुकूम आला. मी बसूनच.

"वहिनी, काय शिकवलंत याला?" शौनक ओरडला.

"चुकलं वाटतं माझं," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठ हसत होते.

"सगळ्या चित्रांच्या खुणा पुन्हा कराव्या लागतील."

"नाही हो. आयुष्यात एक गोष्ट बरोबर आलीय. ती राहू दे."

जाताना ती माझ्यापाशी थांबली. कडेवरची सानवी माझ्या पायाला हात लावायला धडपडत होती. तिच्या गालावरची तीट भार्गवीने बोटाने उचलली आणि माझ्या डोळ्याच्या कडेला टेकवली. "तुला कुणाची लागायला नको," ती हळूच म्हणाली, "आणि तुझी कुणाला लागायला नको."

आता मी खोक्यात आहे. उद्या माझी समज पुसतील. मग मला नव्याने शिकवायला कुणीतरी बसेल, कुठल्या गावचं कोण जाणे. त्या अनोळखी हातांना एवढीच विनवणी: माझ्या काचेवर एक काळा ठिपका दिसेल, तो पुसू नका. त्याच्या पलीकडे कोण वाकलंय ते नीट बघा, आणि खूण करण्याआधी एकदा तरी पुटपुटा, "चुकत तर नाही ना मी?"