कुंकू आधी, कॉफी नंतर

मी एक जुना लाखेचा करंडा आहे. लाल-पिवळा, पोटाने गोल. चन्नपट्टणला लाकूड यंत्रावर गरगर फिरवून मला घडवलं आणि फिरता फिरताच रंग चढवला. काय चक्कर आली होती, मित्रांनो! मग म्हैसूरच्या अग्रहार नावाच्या जुन्या वस्तीतल्या वनजाबाईंनी मला घरी आणलं, माझ्यात कुंकू भरलं.

काम सोपं. पाहुणी आली, गप्पा झाल्या, कॉफी झाली, की शेवटी मी बाहेर. "कुंकू घे" म्हटलं की मान दिला, आणि आता निघालीस तरी चालेल, हेही सांगून झालं. तोंडाने 'जा' कुणी म्हणत नाही. जाणारीसुद्धा 'येते' म्हणते! सगळ्या गल्लीला हे ठाऊक.

ठाऊक नव्हतं ते फक्त नव्या सुनेला, नाशिकच्या सुप्रीताला.

त्या दिवशी वनजाबाईंच्या मोठ्या नणंद गोदावरीबाई शहराच्या दुसऱ्या टोकाहून, बोगादीहून आल्या. सुप्रीताच्या लग्नात वनजाबाई त्यांना म्हणाल्या होत्या, "अक्का, तुम्ही नुसत्या बसा." तेव्हापासून त्या रुसलेल्या, या घरात पाऊल नाही. आज पुन्हा बिनसलं तर कायमचंच, म्हणून वनजाबाई घाबरत घाबरत कॉफी गाळत होत्या.

आणि सुप्रीता मला घेऊन धावली! "आत्याबाई, आधी कुंकू घ्या."

जेमतेम टेकलेल्या गोदावरीबाई तशाच उठल्या. "अय्यो! अजून पाणीसुद्धा नाही प्याले. बरं, येते."

वनजाबाई कॉफी घेऊन दारातच थिजल्या.

"येते काय? आत्ताच तर आलात!" सुप्रीता रडकुंडीला आली. "मोठ्यांचा मान आधी, म्हणून दिलं हो."

"म्हणजे जा म्हणून नाही?"

"जा कशाला म्हणेन? तुमच्यासाठी बिसिबेळेभात केलाय मी! थोडा करपलाय, पण केलाय."

गोदावरीबाईंनी वनजाबाईंकडे पाहिलं. "मग वनजा, लग्नात तू 'नुसत्या बसा' म्हणालीस, ते?"

"पाय सुजले होते की तुमचे, अक्का!"

"अय्यो देवरे! मला वाटलं, मध्ये पडू नका म्हणतेस."

"मग विचारायचं नाही?"

"तू तरी सांगायचंस की गं!"

दोघी अशा हसल्या की हात लागून मी आडवा! अर्धं कुंकू गोदावरीबाईंच्या साडीवर.

संध्याकाळपर्यंत त्या सारख्या "येते हं" म्हणत होत्या आणि दर वेळी आणखी ऐसपैस बसत होत्या. मला फळीवर ठेवलं, ते पुन्हा कुणी हातसुद्धा लावला नाही. एरवी मला राग आला असता. पण फळीवर नुसतं बसून राहण्यात एवढी मजा असते, हे मला त्या दिवशी कळलं.

आता माझा रंग उडालाय, झाकण सैल झालंय. मित्रांनो, माझ्यासारख्याला कोरड्या फडक्याने पुसा, पाण्यात बुडवू नका. आणि कुणाच्या बोलण्यावरून उठून जावंसं वाटलं, तर दारापाशी थांबून एकदा विचारा, "तुला म्हणायचं काय होतं?"

कॉफी गार व्हायच्या आत विचारा.